मिरजेत तंबोरा करून घ्यायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणं शिकायला लागून चार-पाच वर्षं झाली, की विद्यार्थी एक दिवस शिकवणी संपल्यावर रेंगाळतो आणि विचारतो, "ताई, स्वतःचा तंबोरा घ्यावा म्हणतोय. कुठून घेऊ?" पुढे महिनाभर त्याचे फोन येत राहतात. मी गेल्या पंचवीस वर्षांत मिरजेत तीन तंबोरे करून घेतले. पहिल्या वेळी काय विचारायचं हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे जसा करून दिला तसा घेऊन आले आणि त्याचा त्रास बरीच वर्षं काढला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

मोबाइलवर तंबोरा मिळतो. मग खरा कशाला?

प्रवासात मीही मोबाइलचाच तंबोरा लावते. पहिली दोन-तीन वर्षं तेवढ्यावर भागतं, आणि घाईने वाद्य घेऊ नका असंच मी नव्या विद्यार्थ्यांना सांगते.

पण खरा तंबोरा रोज जुळवावा लागतो. जोडीच्या, म्हणजे सा लावलेल्या मधल्या, दोन तारा एकमेकींत पूर्ण मिसळेपर्यंत खुंटी फिरवत आणि सूर बारीक जुळवणारा तारेतला मणी सरकवत बसायचं, ऐकायचं, पुन्हा फिरवायचं. या अर्ध्या तासात कानाला जे वळण लागतं ते बटण दाबून लागत नाही. शिवाय तुमचा षड्ज, म्हणजे सा, बरोबर जागी लागला की तारा त्याला आपोआप साथ देतात, तुमच्या आवाजाने त्या स्वतःहून कंप पावतात. स्वर जरा बाजूला गेला की तंबोरा गप्प राहतो. चूक इतक्या सौम्यपणे दाखवणारा दुसरा गुरू मला भेटलेला नाही.

दुकानात तयार तंबोरे असतात. मुद्दाम करून घेण्यात वेगळं काय?

तंबोरा आपल्या गळ्याच्या मापाने करून घ्यायचा असतो. तयार तंबोरा कुणाच्या तरी पट्टीला, म्हणजे त्याच्या सा च्या उंचीला, धरून केलेला असतो. ती तुमची निघाली तर उत्तमच, जरूर घ्या. पण बहुतेक वेळा "जरा वर ओढून घ्या, चालतंय" असं सांगितलं जातं, आणि गडबड तिथे होते.

तीच तार, तीच लांबी ठेवून स्वर चढवला, तर ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काळी एकच्या, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरणाऱ्या, तंबोऱ्याला काळी चारवर नेणं म्हणजे षड्जाचा पंचम करणं. कंपनसंख्या दीडपट झाली, की ताण सव्वादोन पट होतो. तारा तटातट तुटतात, आणि नाही तुटल्या तर तो सगळा भार दांडीवर आणि तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, येतो. अर्धा स्वर वर-खाली केलात तरी ताणात साधारण १२ टक्क्यांचा फरक पडतो. तेवढा वाद्य सोसतं, बारीक किंवा जाड तार घालून आणखी थोडं जमवता येतं. त्यापलीकडे मात्र भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तबलीची जाडी हे सगळं पट्टीच्या हिशोबानेच व्हायला हवं.

मिरजच का?

चांगले तंबोरे कोलकात्यातही होतात, पण मी मिरजेबद्दलच लिहिणार, कारण तिथलंच मला ठाऊक आहे.

मिरजेतल्या या धंद्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, हत्यारं घासून चमकवणारे कारागीर. राज्यं गेली, हत्यारांचं काम आटलं, आणि मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यांची दुरुस्ती हाती घेतली. दुरुस्ती करता करता ते स्वतः सतारी आणि तंबोरे घडवू लागले. मिरज संस्थानच्या पटवर्धनांना गाण्याची आवड होती, गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले, त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर गाणं शिकले, पुढे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं. ऐकणारा कान आणि घडवणारा हात एकाच गावात राहिल्याने वाद्य सुधारत गेलं. शिकलगारांच्या पुढच्या पिढ्या सतारमेकर झाल्या, आज तेच त्यांचं आडनाव आहे आणि गल्लीही सतारमेकरांचीच. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

मला यात एक गोष्ट नेहमी जाणवते. तंबोऱ्याचा जीव ज्या कामात आहे ती जवारी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून आवाज मोकळा करणं, शेवटी कानशीनेच काढायची असते. तलवारीच्या पात्यावर केसाएवढा उंचवटा बोटाला कळणारी माणसं होती ती. तोच हात घोडीवर आला.

जाण्याआधी काय ठरवून जाऊ?

पट्टी. बाकी सगळं तिथे बसून ठरवता येतं.

आणि पट्टी म्हणजे तुम्ही सभेत गाता ती, सकाळी खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज करता ती, की बाईंच्या शिकवणीत सगळ्यांसाठी धरलेली ती? ज्या पट्टीत तुम्ही तासभर न दमता गाता आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम व तार म्हणजे वरच्या सप्तकातला मध्यम दोन्ही मोकळे लागतात, ती तुमची. दोन महिने रोज तपासा, वहीत लिहून ठेवा, गुरूंना विचारा. शिकवणीतल्या सोयीची पट्टी घेऊन मिरजेला जाऊ नका.

वयाचाही विचार करा. मुलाचा आवाज फुटायचा असेल तर थांबा, आवाज बसल्यावर दोन वर्षांनी बघा. बायकांचा आवाज वयाबरोबर थोडा उतरतो. मी चोविसाव्या वर्षी काळी पाचचा तंबोरा करून घेतला आणि चाळिशीत काळी चारवर आले. त्याच तारांवर ताण जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी झाला. तारा ढिल्या पडल्या, खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालच्या सा ची तार, फडफडायला लागला. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी अर्धा स्वर खालीच मागितला असता. तरुण मुलींना मी आता तेच सांगते.

तिथे गेल्यावर लाजू नका, गाऊन दाखवा. मिरजेतले जुने कारागीर "पट्टी कोणती?" विचारतात आणि मागोमाग "जरा आ लावा" म्हणतात. माझा दुसरा तंबोरा ज्यांनी केला त्या चाचांनी माझा षड्ज ऐकून भिंतीवर टांगलेल्या भोपळ्यांकडे नुसतं बोट केलं होतं. तोच भोपळा पुढे माझ्या मांडीवर आला.

पुरुषांचा तंबोरा आणि बायकांचा तंबोरा म्हणजे काय?

मापाचाच फरक आहे. पुरुषांची पट्टी बहुधा काळी एक-दोनच्या आसपास, त्यामुळे तंबोरा साधारण पाच फुटांचा आणि भोपळ्याचा घेर पन्नास इंचांच्या पुढे. बायकांची पट्टी काळी तीन ते काळी पाच, त्यामुळे दांडी आखूड आणि भोपळा लहान. वादकांच्या साथीला अडीच-तीन फुटांची तंबुरी असते. उंच पट्टीत गाणाऱ्या मुलाने बायकांच्या मापाचा तंबोरा घ्यायला काहीच हरकत नाही, आणि भरदार, खालच्या पट्टीत गाणाऱ्या बाईने मोठा मागावा. नावावर जाऊ नका, आवाजावर जा.

तुमच्या अंगाचंही माप द्या. मोठा भोपळा मांडीवर घेऊन दांडी खांद्याला टेकवली, की हात सैल पडून बोटं तारांच्या मधोमध आली पाहिजेत. लहान चणीच्या बाईला अवाढव्य भोपळा पेलत नाही, तिची पाठ दुखते आणि ती तंबोरा काढायचंच टाळू लागते.

भोपळा कसा निवडायचा?

हा खायचा भोपळा नव्हे. कडू, जाड सालीचा, मुद्दाम वाद्यांसाठी लावलेला भोपळा. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठाने, पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भागात तो होतो. साल टणक होईपर्यंत तो वेलावरच ठेवतात, मग महिनोन् महिने वाळवतात. जितका सावकाश वाळेल तितका चांगला. चांगल्या कारखान्यात वर्ष-दोन वर्षं जुने भोपळे माळ्यावर असतात, आणि तुमचा भोपळा किती जुना आहे हे तुम्ही विचारू शकता. कारागिराला राग येत नाही. विचारणारं गिऱ्हाईक त्यांना आवडतं.

हातात घेऊन फिरवा. साल सगळीकडे सारखी जाड हवी. एका बाजूला पातळ असेल तर टिचकीचा आवाज तिथे बदलतो, हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. बारीक भोकं म्हणजे कीड, तो भोपळा बाजूला ठेवायचा. आकार अगदी गोल नसला तरी चालेल, पण तळ असा हवा की तंबोरा जमिनीवर डुगडुगणार नाही. डागांचं मनावर घेऊ नका, ते पॉलिशखाली जातात.

लाकूड कोणतं सांगू?

मिरजेत तंबोऱ्याला जास्त करून तून वापरतात. हलकं, सरळ धाग्याचं, वाळल्यावर फारसं न वळणारं. काही जण सागवान घेतात, खुंट्यांना शिसवी. मला तुनाचाच आवाज आवडतो, सागवानी तंबोरा जड होतो आणि स्वर थोडा आत राहतो असं माझं मत. पण लाकडाच्या नावापेक्षा ते किती मुरलेलं आहे याकडे लक्ष द्या. ओल्या लाकडाची दांडी दोन उन्हाळ्यांत वाकते, आणि वाकलेल्या दांडीला उपाय नाही.

घोडीला हस्तिदंत मिळेल का? जुन्या तंबोऱ्यांना होतं म्हणे.

होतं. आता मागूही नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आणि पुढच्या दुरुस्त्यांत हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, सांबराचं शिंगही त्याच कायद्याच्या कक्षेत येतं. आज घोडी लाकडाची, उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम पदार्थाची करतात. तंबोऱ्याला आबनूस किंवा उंटाचं हाड उत्तम चालतं. हाडाची जवारी जास्त टिकते आणि आवाज उजळ येतो, लाकडाची घोडी मऊ बोलते पण लवकर झिजते.

जवारी म्हणजे नक्की काय?

सगळा तंबोरा याच एका गोष्टीत आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

गिटारच्या किंवा व्हायोलिनच्या घोडीची धार बारीक असते, तार तिथे एका रेषेवर टेकते आणि संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, दोन-तीन बोटं. तिचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित, अगदी किंचित उतरता आणि गोलसर असतो. तार छेडली की ती या उतारावर लोळण घेते. कंप पावताना ती घोडीला क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते. त्यामुळे नुसता एक स्वर न येता त्यातून वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर, एकामागून एक उमलत जातात.

यात शास्त्रज्ञांनाही नवल वाटावं असं आहे. तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा साध्या तारेचा नियम आहे. तंबोऱ्यात ते ऐकू येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला आणि हे घोडीच्या आकारामुळे घडतं असं दाखवलं. आपल्या कारागिरांनी त्याच्या कितीतरी आधी ते कानशीने साधलं होतं.

खर्ज चांगला लागला की त्यातून गंधार ऐकू येतो. कुठल्याच तारेवर गंधार जुळवलेला नसतो, तरी तो येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाचा पाचवा उपस्वर म्हणजे तो गंधार. पंचमाच्या तारेच्या तिसऱ्या उपस्वरातून ऋषभ येतो. पहिल्यांदा हा गंधार स्वतःच्या तंबोऱ्यातून ऐकू आला त्या दिवशी मी गायलेच नाही, नुसती छेडत बसले होते.

घोडी आणि तार यांच्या मध्ये सुताचा किंवा रेशमाचा बारीक दोरा सरकवतात. दोरा पुढेमागे करताना एका जागी तार अचानक बोलू लागते, आवाज उघडतो. केसभर पुढे गेलात की पुन्हा मिटतो. ती जागा रोज शोधायची, आणि चारही तारांची वेगवेगळी. पट्टी बदलली की जागाही बदलते. पण घोडीचा माथाच नीट घासलेला नसेल तर दोरा कितीही सरकवा, तार बोलत नाही. विद्यार्थी दोऱ्याला दोष देतात आणि खोट घोडीत असते.

खुली जवारी हवी की बंद, हे कारागिराला कसं सांगू?

खुल्या जवारीत आवाज झणझणीत, उपस्वर भरपूर. बंद जवारीत आवाज गोल, मऊ. गायकाला बहुधा मधली लागते. खूप खुली असेल तर तंबोराच ऐकू येत राहतो आणि गळा झाकतो.

शब्दांत सांगू नका, कारण माझं "गोड" आणि त्यांचं "गोड" वेगळं असतं. ज्या तंबोऱ्याचा आवाज तुम्हाला आवडतो त्याचं ध्वनिमुद्रण न्या, किंवा कारखान्यात टांगलेल्या चार तंबोऱ्यांपैकी "असा हवा" म्हणून एक छेडून दाखवा. आणि जवारी काढायच्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे हजर राहा. हे मी हात जोडून सांगते. एक दिवसाची रजा काढा, पहाटेची गाडी धरा. कारागीर दोन वेळा कानस फिरवतो, तार चढवतो, छेडतो, तुमच्याकडे बघतो. तुम्ही गायचं. तो पुन्हा तार उतरवतो. असं सात-आठ वेळा होतं. माझ्या दुसऱ्या तंबोऱ्याला दुपारचे बारा ते संध्याकाळचे पाच लागले होते, मध्ये चहा दोनदा आला. फोनवरून जवारी काढून घेतलेला तंबोरा आणि समोर बसून काढून घेतलेला तंबोरा, दोन्ही माझ्या घरात आहेत. फरक पाहुण्यांनाही कळतो.

चार तारा की पाच-सहा?

पहिला तंबोरा चार तारांचाच घ्या. पंचम, जोडी, खर्ज. पंचम नसलेल्या रागाला पहिल्या तारेचा मध्यम करतात, मारव्यासारख्या रागाला निषाद. पाच किंवा सहा तारांच्या तंबोऱ्यात पंचमाबरोबर निषादही ठेवता येतो, नाद भरगच्च होतो. पण जुळवायला वेळ लागतो आणि एक तार बेसूर असली तरी सगळं बिघडतं.

नक्षी किती करून घ्यावी?

तुमच्या आवडीवर. भोपळ्यावरची कोरलेली पानं, तबलीच्या कडेची पांढरी पट्टी, दांडीवरचा वेल, या सगळ्याला कारागिराचे दिवस लागतात आणि किंमत तिथे चढते. आवाजात त्याने भर पडत नाही. पैसे मोजकेच असतील तर जुना भोपळा आणि मुरलेलं लाकूड मागा, नक्षी साधी ठेवा. पॉलिश मात्र लाखेचं, हाताने चढवलेलं घ्या. ते पातळ बसतं, लाकडाला मोकळं ठेवतं आणि पुढे कधीही नव्याने करता येतं. जाड चकचकीत रंगाने तबली दबते.

किती दिवस लागतात? पैसे कसे द्यायचे?

भोपळा आणि लाकूड तयार असेल तर दीड-दोन महिने धरा, हातात आधीचं काम असेल तर जास्त. भोपळा भिजवून कापायचा, आतून साफ करायचा, आकार धरायला आत बांबूच्या काड्या लावायच्या, गळ्याचा जोड बसवायचा, तबली, दांडी, मग नक्षी, पॉलिश, तारा, शेवटी जवारी. प्रत्येक जोड वाळायला वेळ द्यावा लागतो. पावसाळ्यात दमट हवेने लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, त्यामुळे काम हळू चालतं. माझा अनुभव असा, की दिवाळीनंतर ऑर्डर द्यावी आणि होळीच्या आसपास आणायला जावं.

मी दर वेळी निम्मे पैसे आगाऊ दिले आणि उरलेले जवारी झाल्यावर. पट्टी, घेर, लाकूड, घोडी, तारांची संख्या आणि आणायची तारीख एका कागदावर लिहून दोघांनी ठेवा. हा अविश्वास नाही. चाचांच्या भिंतीवर एका वेळी वीस ऑर्डरी असतात. भाव मात्र फार पाडून मागू नका. एका वाद्यात किती हातांचे किती दिवस गेलेत ते समोर बघितल्यावर तुम्हालाच ते नकोसं वाटेल.

तंबोऱ्याची जोडी करायची असेल तर?

एकदमच सांगा, एकाच कारागिराला. सारख्या घेराचे भोपळे, एकाच ओंडक्याचं लाकूड, आणि जवारी दोन्हींची एकाच दिवशी, शेजारी शेजारी ठेवून. दहा वर्षांनी दुसरा करून पहिल्याशी जुळवणं फार अवघड जातं. मी तिसरा तंबोरा त्याच आशेने केला होता. तो उत्तम झाला, पण दुसऱ्याची जोडी नाही झाला.

ताब्यात घेताना काय तपासू?

दांडी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून बघा, सरळ आहे ना. खुंट्या फिरवा. त्या अडखळत फिरत असतील किंवा आपोआप सुटत असतील तर तिथेच दुरुस्त करून घ्या, खडू चोळून वेळ भागवू नका. गळ्याचा जोड, म्हणजे जिथे भोपळा आणि दांडी मिळतात ती जागा, अंगठ्याने दाबून पाहा. तंबोरे बहुतेक तिथेच मोडतात. तारा दांडीच्या वरच्या टोकाकडच्या आडव्या पट्टीवरून, म्हणजे आडावरून, घोडीपर्यंत सारख्या अंतराने येतात ना, ते पाहा. मणी मागेपुढे करून बघा.

मग कुणाला तरी छेडायला सांगा आणि तुम्ही दहा पावलं लांब जाऊन ऐका. मांडीवर असताना सगळेच तंबोरे चांगले वाटतात. चारही तारा सारख्याच लांब वाजतात का? एखादी लवकर विझते का? शेवटी अर्धा तास गा, घाई करू नका.

तारांचा एक जादा संच आणि त्यांचे नंबर लिहून घ्या. नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. नंबर माहीत नसला की पुण्यात कुठलीतरी तार चढवली जाते आणि काढलेली जवारी वाया जाते.

घरी कसा आणायचा?

सोबत घेऊन. मिरज मोठं जंक्शन आहे, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर सगळीकडून गाड्या येतात. तारा दोन स्वर उतरवा, घोडीखाली मऊ फडकं ठेवा, आणि तंबोरा वरच्या बाकावर आडवा, भोपळा भिंतीकडे. मी एक तंबोरा रात्रीच्या बसच्या डिकीत टाकून आणला होता. उतरवला तेव्हा भोपळ्याला बोटभर भेग होती. आतून पट्टी लावून ती सांधली गेली, तंबोरा आजही वाजतो, पण त्या बाजूला टिचकी मारली की मला कळतं.

मुलगी अमेरिकेत आहे, तिला पाठवायचाय.

फायबरची कडक पेटी करून घ्या, कापडी खोळ पुरत नाही. तारा पूर्ण सैल करा. बिलावर लाकडाचं आणि घोडीच्या पदार्थाचं नाव लिहून घ्या. शिसवीच्या जातीची लाकडं २०१७ पासून वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०१९ च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, तरी कागद जवळ असलेला बरा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी लाकूड आणि सुका भोपळा विमानतळावर आपणहून जाहीर करावा.

तिकडच्या हिवाळ्यात घरं तापवतात, हवा कोरडी पडते आणि तबलीचे जोड उघडतात. खोलीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील असं बघायला सांगा, आणि तंबोरा हीटरपासून लांब ठेवायला. मुलीला जवारी काढणारा माणूस तिथे मिळणं कठीण, म्हणून घोडी हाडाची घ्या. मुलगी सुट्टीत आली की तेवढी घोडी काढून मिरजेला नेता येत नाही, कारण जवारी त्या वाद्यावर, त्या तारांखालीच काढावी लागते.

रोजची निगा आणि जवारी पुन्हा कधी?

पावसाळ्यात खोळीत ठेवा, भिंतीला टेकवून नको, ओल धरते. एसीच्या झोतात नको. तारा कोरड्या फडक्याने पुसा. रियाज झाल्यावर दर वेळी तारा उतरवायची गरज नाही, पण महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर थोड्या सैल करा.

रोज वाजणाऱ्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारांच्या खुणा पडतात. खाच दिसू लागली, दोऱ्याची जागा सापडेना, आवाज बसला, की जवारीची वेळ झाली. माझ्या तंबोऱ्याला दोन-तीन वर्षांनी लागते. शक्यतो ज्यांनी वाद्य केलं त्यांच्याकडेच न्या. मिरजेला जायचं निमित्त होतं, दर्ग्यात ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचं आणि तिथेच विसावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं दर्शन होतं. १९३७ साली खाँसाहेब गेले, आणि उरुसात त्यांच्या आठवणीत तिथे अजून गाणं होतं. जमलं तर त्याच दिवसांत तंबोरा घेऊन जा.

आजीचा जुना तंबोरा माळ्यावर आहे. तो दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

आधी खाली काढा आणि दांडी सरळ आहे का ते पाहा. दांडी वाकलेली नसेल तर बाकी सगळं होतं. भोपळ्याची भेग सांधता येते, सुटलेली तबली पुन्हा बसवता येते, खुंट्या, आड, घोडी नवी करता येते. चाळीस-पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड आज पैसे देऊनही मिळत नाही. घोडी हस्तिदंताची दिसली तर ती विकण्याच्या किंवा परदेशी नेण्याच्या फंदात पडू नका, कारागिराला दाखवा आणि वेगळी घोडी बसवून घ्या.

मग आजी कुठल्या पट्टीत गात होती ते घरात कुणाला तरी विचारा. तुमची पट्टी तीच किंवा अर्ध्या स्वराच्या आत असेल, तर नव्याचा विचार सोडा आणि हाच मिरजेला न्या. जास्त अंतर असेल तर त्याला त्याच्याच पट्टीत दुरुस्त करून घ्या, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्याला तो बसेल, आणि तुमच्यासाठी नवा सांगा. जाताना दोन्ही कामं एकाच फेरीत होतात. निघण्याआधी जुन्यावरची धूळ फक्त कोरड्या फडक्याने पुसा, तेल लावू नका, आणि जुन्या तारा काढून टाकू नका. त्या कुठल्या नंबरच्या होत्या हे कारागिराला त्यांच्यावरूनच कळेल.